साखळी बसली, पेडल बसेना!

वेळापूर हे ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या वाटेवरचे मुक्कामाचे गाव. पालखी जवळ आली की गावातल्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात गर्दी होते. अशाच एका दुपारी मी माझ्या सायकलीचे पंक्चर काढून घेत बसलो होतो. तेवढ्यात आमच्या शाळेतला आठवीचा एक मुलगा एक बुटकी, गंजकी सायकल ढकलत घेऊन आला. वीस इंची चाके, उंच हँडल, मडगार्ड नाहीत, कॅरिअर नाही. त्याच्या आजोबांनी आखातातल्या नोकरीवरून परतताना १९८० च्या दशकात ती आणली होती. पुढे ती माळ्यावर पडली. आता तिची साखळी तुटली होती आणि डावे पेडल गळून गेले होते. घरच्यांनी तिला भंगारात घालायचे ठरवले होते, पण मुलाला ती शाळेत यायला हवी होती.

दुकानदाराने फळीवरून नवी साखळी काढली, चार कड्या कमी केल्या आणि चढवली. साखळी अशी बसली की जणू त्याच सायकलीसाठी केली होती! लुधियानाची साखळी आणि परदेशी सायकल, मधे चाळीस वर्षांचे अंतर. पण कुठे अडले नाही. मग त्याने नवे पेडल घेतले आणि क्रँकच्या भोकाला लावले. ते आत शिरेचना.

"मास्तर, हिचं भोकच बारीक हाय. पेडल काय बसंना," तो म्हणाला.

"मामा, मग ठोकून बसवा की," मुलगा म्हणाला.

"ठोकलं तर आटं मरत्याल पोरा. मग कुठलंच पेडल बसायचं न्हाई."

अगदी बरोबर! पण एकाच सायकलीचा एक भाग जगातल्या कोणत्याही दुकानात मिळावा आणि दुसरा मिळू नये, असे का? मुलाने हाच प्रश्न विचारला, आणि त्याचे उत्तर देता देता आम्हांला वेळापूरहून मँचेस्टर, शिकागो, कॅलिफोर्निया आणि जपानपर्यंत जावे लागले. तुम्हीही चला.

आधी साखळीकडे पाहू. तुमच्या दप्तरातली बारा इंची पट्टी काढा आणि सायकलीच्या ताणलेल्या साखळीवर ठेवा. कोणत्याही एका पिनेच्या मध्यावर शून्य येऊ द्या. तिथून पुढची पिन बरोबर अर्ध्या इंचावर दिसेल, त्यापुढची एका इंचावर. साखळी नवी असेल, तर पंचविसावी पिन, म्हणजे चोविसाव्या कडीचा शेवट, नेमका बारा इंचांवर येतो. आपल्या साध्या काळ्या सायकलीची साखळी अर्ध्या इंचाची. शर्यतीच्या सायकलीची अर्ध्या इंचाची. आजोबांच्या त्या बुटक्या सायकलीचीही अर्ध्याच इंचाची. मेट्रिक मापे येऊन इतकी वर्षे झाली, तरी सायकलीची साखळी १२.७ मिलिमीटरवर, म्हणजे अर्ध्या इंचावर, ठाण मांडून बसली आहे.

ही साखळी सायकलीबरोबर जन्मली नाही. १८७० च्या दशकातल्या सायकलींना साखळीच नव्हती. पेडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेले असे. पाय एकदा फिरला की चाक एकदा फिरणार. मग जास्त वेग हवा असेल तर? चाकच मोठे करायचे. असे करता करता पुढचे चाक माणसाच्या छातीपर्यंत पोचले आणि मागचे शेपटाएवढे उरले. त्या सायकलीवरून पडणे म्हणजे घराच्या ओट्यावरून डोके खाली करून पडणे होते. उपाय एकच होता. पाय फिरवायचे चाक आणि जमिनीवर धावायचे चाक वेगळे करायचे आणि मधे साखळी घालायची. मग चाक मोठे न करताच पायाच्या एका फेऱ्यात त्याला दोन-अडीच फेरे देता येतात. इंग्लंडमध्ये हॅरी लॉसन याने १८७९ साली मागच्या चाकाला साखळी असलेली सायकल केली. कॉव्हेंट्री शहरातल्या जॉन केम्प स्टार्ली याची 'रोव्हर' १८८५ साली आली. आजच्या सायकलीची आजी तीच.

पण साखळी टिकायला हवी! सुरुवातीच्या साखळ्यांत पिना लवकर झिजत आणि साखळी ढिली पडे. हान्स रेनॉल्ड नावाचा एक स्विस तरुण इंजिनिअर १८७३ साली मँचेस्टरला आला होता. त्याने जेम्स स्लेटरचा साखळ्यांचा छोटा धंदा विकत घेतला. या स्लेटरने १८६४ मध्येच साखळीचे पेटंट मिळवलेले होते. रेनॉल्डने १८८० साली तीत एक साधी वाटणारी सुधारणा केली. पिनेवर एक बारीक नळी घातली आणि नळीवर सुटी फिरणारी एक फिरकी बसवली. आता पीन नळीच्या पूर्ण लांबीत फिरू लागली, त्यामुळे भार मोठ्या पृष्ठभागावर विभागला गेला. दातावर साखळी घासण्याऐवजी फिरकी गडगडू लागली. साखळीची एक जुनी कडी दुकानदाराकडून मागून घ्या आणि हे तीन थर ओळखा: आत पीन, मधे नळी, वर फिरकी. एकशे चाळीस वर्षांहून जुनी ही युक्ती आजही तशीच तुमच्या हातात येईल.

"साखळी ताणली गेली" असे आपण म्हणतो. खरे तर पोलाद ताणले जात नाही. पीन आणि नळी एकमेकींवर घासून झिजतात आणि प्रत्येक सांध्यात थोडी पोकळी पडते. समजा चोवीस कड्या बारा इंचांऐवजी सव्वाअष्टमांश नव्हे, फक्त एक अष्टमांश इंचाने जास्त भरल्या. म्हणजे ३.१७५ मिलिमीटर भागिले २४. दर सांध्याला अवघे ०.१३ मिलिमीटर! पण तेवढ्यानेच साखळी दातांच्या टोकांवर चढू लागते आणि दात माशाच्या गळासारखे वाकडे झिजतात. पट्टीवर एक षोडशांश इंच जास्त दिसले की साखळी बदलावी. एक अष्टमांश होईपर्यंत थांबलात, तर दातेरी चाकांचाही खर्च येतो.

साखळीतला अर्धा इंच सर्वत्र सारखा कसा झाला? सुरुवातीला एक इंच अंतराच्या, ठोकळ्यांच्या साखळ्याही भरपूर होत्या. अमेरिकेत त्या विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दिसत. पण साखळीचे एक वेगळेपण आहे. तिला एकाच वेळी दोन चाकांशी जुळवून घ्यावे लागते, पुढच्या आणि मागच्या. ती झिजते आणि पुनःपुन्हा विकत घ्यावी लागते. पुढचे चाक एका कारखान्याचे, मागचे दुसऱ्याचे आणि साखळी तिसऱ्याची. अशी तिघांची सोयरीक जमवायची तर सर्वांनी एक माप मान्य करणे भागच होते. अर्ध्या इंचाने बाजी मारली. अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरातल्या ज्या कारखान्याच्या साखळ्या राइट बंधूंनी १९०३ च्या विमानाचे पंखे फिरवायला वापरल्या, तो 'डायमंड' कारखाना सायकलीच्याच साखळ्यांसाठी नावाजलेला होता. पुढे त्याच्याच सहकार्याने मद्रासकडे 'टीआय डायमंड' साखळ्या होऊ लागल्या. लुधियानाच्या 'रॉकमन' साखळ्या १९६० च्या दशकापासून आहेत. तुमच्या साखळीच्या पट्ट्यांवर भिंग धरून पाहा; नाव कोरलेले सापडेल.

जाता जाता एक गोष्ट आपल्या मुलखातली. १८८८ साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलीचे दुकान काढले. स्वतः लक्ष्मणराव मुंबईला तंत्रशाळेत शिकवीत होते. तिथून ते सायकली पाठवीत आणि बेळगावला त्यांचे बंधू रामूअण्णा त्या विकीत; गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवीत. त्याच वर्षी डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले होते. म्हणजे सायकल जगालाच नवी होती, तेव्हा ती बेळगावात दुरुस्त होत होती. पुढे या दुकानातूनच लोखंडी नांगर, चरक आणि १९१० साली किर्लोस्करवाडी असा प्रवास झाला. सायकलीचे नट फिरवता फिरवता यंत्र समजते, याला याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

आता मागच्या चाकाकडे वळू. पाय थांबवले तरी चाक धावते आणि 'टक्-टक्-टक्' आवाज येतो. हे काम फ्रीव्हीलचे. त्याच्या आत एका कड्याला तिरपे दात कापलेले असतात आणि दुसऱ्या भागावर स्प्रिंगने दाबलेले छोटे खटके असतात. तुम्ही पाय मारता तेव्हा खटके दातांत रुततात आणि चाक फिरते. पाय थांबले की दात खटक्यांच्या पाठीवरून घसरत जातात, तोच आवाज. दरवाज्याची कडी एका बाजूने लागते, दुसऱ्या बाजूने सरकते, तसेच.

आजोबांच्या सायकलीच्या फ्रीव्हीलवरची घाण रॉकेलने पुसली, तेव्हा 'शिमानो, जपान' अशी अक्षरे दिसली. हा कारखाना साकाई शहरातला. तो १९२१ साली निघाला आणि त्याने पहिली वस्तू केली ती फ्रीव्हीलच. साकाई हे शेकडो वर्षे तलवारी, सुऱ्या आणि पुढे बंदुका घडवणाऱ्या लोहारांचे शहर. पोलाद तापवून नेमके किती कडक करायचे, ही विद्या त्यांच्या हातात होती, आणि खटक्याला नेमकी तीच लागते. खटका मऊ झाला तर झिजेल, फार कडक झाला तर तुटेल. गंमत म्हणजे इंग्लंडमध्येही तसेच घडले. 'बीएसए' ही अक्षरे आपल्याकडच्या किती तरी सायकलींवर तुम्ही पाहिली असतील. त्यांचा मूळ अर्थ 'बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स', म्हणजे बर्मिंगहॅमच्या बंदुका! १८६१ साली बंदूक-कारागिरांनी काढलेली ही कंपनी पुढे सायकलीचे सुटे भाग करू लागली, आणि तिच्या भागांवर तीन बंदुकांचे चिन्ह असे.

या बंदूकवाल्यांच्या इंग्लंडमध्येच सायकलीच्या आट्यांची मापे ठरली. फ्रीव्हील ज्या आट्यांवर बसते त्यांचा व्यास १.३७ इंच, म्हणजे सुमारे ३४.८ मिलिमीटर, आणि इंचाला २४ आटे. आपल्या सायकलींवर हेच माप, जपानीवरही हेच. म्हणून त्या बुटक्या सायकलीला उद्या नवे फ्रीव्हील लागले, तर तेही वेळापुरात मिळेल.

मग पेडलच का अडले? इथे मात्र घराणे बदलते.

तुमच्या साध्या सायकलीची क्रँक तीन तुकड्यांची असते. मधे एक आस, आणि त्याच्या दोन टोकांना दोन दांडे, जे कॉटर पिनेने ठोकून बसवलेले असतात. ही इंग्रजी पद्धत. अमेरिकेने वेगळी वाट धरली. १८९० च्या दशकात शिकागोच्या फाउबरची एकसंध क्रँक तिथे पसरली. एकच पोलादी कांब तापवून, वाकवून इंग्रजी 'झेड' अक्षरासारखी करायची; उजवा दांडा, आस आणि डावा दांडा सारे एकाच तुकड्यात. कॉटर नाही, म्हणून कॉटर ढिली होणे नाही. ओहायो राज्यातल्या ॲश्टाब्यूला गावच्या कारखान्यात अशा क्रँका इतक्या घडल्या, की सायकलवाले आजही तिला 'ॲश्टाब्यूला क्रँक' म्हणतात.

ही वाकडी कांब सायकलीत घालायची कशी, ते डोळ्यांसमोर आणा. तिचा एक दांडा दातेरी चाकाच्या भोकातून, छर्‍यांच्या कड्यांतून आणि फ्रेमच्या आडव्या नळीतून सापासारखा वळवत पलीकडे काढावा लागतो. म्हणून या पद्धतीत ती नळी चांगली रुंद, ५१ मिलिमीटरहून थोडी जास्त, आणि आतून आटे नसलेली असते. इंग्रजी पद्धतीच्या नळीला आतून आटे असतात, तेही फ्रीव्हीलच्याच मापाचे, १.३७ इंचाचे. आणि दांड्याच्या टोकाचा डोळा, ज्यात पेडल बसते, तो जितका लहान तितके हे ओवणे सोपे. एकसंध क्रँकेच्या पेडलाचा आटा अर्ध्या इंचाचा असतो. आपल्या तीन तुकडी क्रँकेचा नऊ षोडशांश इंचाचा. फरक फक्त १.६ मिलिमीटरचा, पण आट्यांच्या जगात तो ओढ्याच्या दोन काठांएवढा. पेडलाला साखळीसारखे दोघांशी जमवायचे नसते. त्याचे नाते एकट्या क्रँकेशी. म्हणून दोन देशांची दोन मापे सुखाने नांदत राहिली.

आता प्रश्न असा, की जपानी अक्षरांच्या सायकलीत अमेरिकी क्रँक कुठून आली? १९६३ साली अमेरिकेत श्विन कंपनीची 'स्टिंग-रे' नावाची मुलांची सायकल निघाली. वीस इंची चाके, उंच हँडल आणि अर्थातच एकसंध क्रँक. कॅलिफोर्नियात मोटारसायकलींच्या मातीतल्या शर्यती, म्हणजे मोटोक्रॉस, फार लोकप्रिय होत्या. मोटारसायकल परवडत नाही, वयही नाही. मग मुलांनी काय केले? मोकळ्या रानात उंचवटे करून याच सायकली उडवायला सुरुवात केली. १९७१ च्या 'ऑन एनी संडे' या चित्रपटाच्या सुरुवातीला ही पोरे दिसतात, आणि त्यानंतर हे वेड देशभर पसरले. त्याला नाव पडले बायसिकल मोटोक्रॉस, म्हणजेच बीएमएक्स. कोणा शास्त्रज्ञाने किंवा कारखान्याने आखलेला हा प्रकार नव्हे. मुलांनी खेळता खेळता तो काढला आणि कारखाने मागून धावले. २००८ साली बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये त्याच्या शर्यती झाल्या.

मुले सायकली उडवत होती आणि भाग मोडत होते. साध्या पोलादाची क्रँक वाकली. तेव्हा क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या चिवट पोलादाची आली. अमेरिकी नमुन्याची एकसंध क्रँक, पण जपानात ठोकून घडवलेली. मुलाच्या सायकलीवरच्या दांड्यावर 'टाकागी' असे नाव होते, ते याच कुळातले. पुढे कॅलिफोर्नियाच्या रेडलाइन कंपनीने पोकळ नळ्यांची तीन तुकडी क्रँक केली, आणि तिच्याबरोबर नऊ षोडशांश इंची पेडल बीएमएक्समध्ये आले. म्हणून जुन्या बीएमएक्सचे पेडल मोजले की तिची क्रँक कोणत्या घराण्यातली, ते लगेच कळते. पट्टीसुद्धा पुरते: आट्याचा व्यास १२.७ मिलिमीटर की १४.३?

दातही मोजा. मुलाच्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १६ दात होते. बीएमएक्सची ही आवडती जोडी. ४४ दात गुणिले अर्धा इंच म्हणजे परीघ २२ इंच. मग व्यास किती? पाय बावीस सप्तमांश धरलात, तर नेमका सात इंच! असे सुबक उत्तर पाठ्यपुस्तकाबाहेर फार क्वचित भेटते.

४४ भागिले १६ म्हणजे २.७५. पायाच्या एका फेऱ्यात वीस इंची चाक पावणेतीन फेरे घेते आणि सायकल ४.३९ मीटर पुढे जाते. माझ्या २८ इंची सायकलीला ४४ आणि १८ दात आहेत. ती एका फेऱ्यात ५.४६ मीटर जाते. वेळापूर ते अकलूज दहा किलोमीटर धरले, तर मला सुमारे १८३० फेरे मारावे लागतील आणि मुलाला सुमारे २२८०. पण लगेच वेग घेण्यात आणि चढावर तो मला मागे टाकेल, कारण प्रत्येक फेऱ्याला त्याला कमी जोर लागतो. शर्यतीच्या फाटकातून सुटताना हेच तर हवे असते.

डाव्या पेडलाबद्दल एक सांगायचे राहिले. त्याचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून आवळायचे. का? हा प्रयोग करा. पेन्सिल मुठीत सैल धरा, थोडी बाहेर राहू द्या. दुसऱ्या हाताने तिचे बाहेरचे टोक घड्याळाच्या दिशेने गोल गोल हलवा. मुठीला घासत पेन्सिल स्वतःभोवती उलट दिशेने फिरू लागेल. पेडलाचा आस क्रँकेच्या भोकात असाच किंचित डुलतो, कारण पायाचा भार नेहमी खाली आणि क्रँक मात्र गोल फिरते. डावीकडे सरळ आटे असते, तर पेडल हळूहळू आपोआप सुटत गेले असते. हे ठाऊक नसल्यामुळे कित्येक जण डावे पेडल जोर लावून चुकीच्या बाजूला फिरवतात आणि आटे मारून बसतात.

हे सारे बोलणे होईपर्यंत माझे पंक्चर केव्हाच निघाले होते. दुकानदार मात्र उठून मागच्या भंगाराच्या ढिगात शिरला होता. तिथून त्याने लहान मुलांची एक मोडकी सायकल ओढून काढली. तिलाही एकसंध, वाकडी क्रँक होती! आजही लहान मुलांच्या पुष्कळ सायकलींना ती असते. तिचे डावे पेडल त्याने पान्ह्याने सोडवले, आट्यांना ग्रीस लावले आणि मुलाच्या हातात दिले.

"उलटं फिरीव. आन् पयलं बोटानं. बोटानं गेलं तरच पान्हा लाव."

पेडल बोटाने तीन फेरे सहज आत गेले. उजवे पेडल काळे आणि डावे लाल, पण मुलाला त्याचे काहीच नव्हते. तो अर्धनारीनटेश्वराच्या देवळाकडे निघून गेला, टक्-टक् आवाज करत.

मग दुकानदाराने माझ्याकडे पाहिले आणि माझ्याच खिशातली पट्टी मागून घेतली. माझ्या साखळीवर ती ठेवून तो म्हणाला, "मास्तर, तुमची तर सव्वाबारा भरती की!"